फिट, कांदा आणि गूगलचे पहिले पान

घरात कुणाला फिट आली की पहिल्या मिनिटातच तीन गोष्टी घडतात. एक जण कांदा आणायला स्वयंपाकघरात धावतो, दुसरा हातपाय दाबून धरतो आणि घरातले एखादे तरुण पोर मोबाइल काढून 'फिट आल्यावर काय करावे' असे शोधू लागते. पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो, हे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तिसरी गोष्ट उपयोगाची की अपायाची, हे मात्र मोबाइलवर कोणते पान आधी उघडते यावर अवलंबून असते. कोणते पान आधी यावे, हे कुणी डॉक्टर ठरवत नाही. ते सर्च इंजिनचे गणित ठरवते. त्या गणितात आपले पान वर यावे यासाठी पानाची जी मशागत केली जाते, तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा थोडक्यात एसईओ म्हणतात.

आरोग्याच्या सदरात एसईओचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण डॉक्टरकडे जाण्याआधी आणि अनेकदा डॉक्टरकडून आल्यानंतरही माणसे मोबाइलला विचारतात. म्हणून ही मशागत आतून कशी दिसते, हे पाहायला मी एसईओसाठी वापरले जाणारे एक ॲड-ऑन ब्राउझरला जोडले आणि काही दिवस आरोग्यविषयक मराठी पाने त्यातून पाहिली. अशी कितीतरी ॲड-ऑन्स फुकट मिळतात. ती संकेतस्थळे चालवणाऱ्यांसाठी असतात, वाचकांसाठी नव्हे. पण वाचकाने एकदा त्यातून डोकावून पाहिले, तर गूगलच्या पहिल्या निकालाकडे पाहण्याची त्याची नजर बदलेल.

ॲड-ऑन काय दाखवते?

ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावर टिचकी मारली की समोरच्या पानाची जणू तपासणीपत्रिका उघडते. पानाला शीर्षक आहे का, ते किती लांब आहे? निकालांत शीर्षकाखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णन लिहिले आहे का? मुख्य मथळा एकच आहे का, उपमथळे क्रमाने आहेत का? चित्रांना पर्यायी मजकूर दिला आहे का? पानात शब्द किती, दुवे किती, ते कुठे जातात? पान मोबाइलवर किती वेगाने उघडते? प्रत्येक गोष्टीपुढे हिरवी, पिवळी किंवा लाल खूण असते.

यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्यच आहे. शीर्षक स्पष्ट असावे, पान लवकर उघडावे, चित्रात काय आहे ते शब्दांत सांगावे, याला कोण नाही म्हणेल? चित्रांचा पर्यायी मजकूर तर दृष्टिहीन वाचकांच्या फार उपयोगाचा असतो, कारण त्यांचा स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. अडचण पुढे आहे. या पत्रिकेत एक रकाना नाही: पानावर लिहिलेले खरे आहे का?

तो रकाना असूही शकत नाही. सर्च इंजिनला औषधशास्त्र कळत नाही. ते खुणांवरून अंदाज बांधते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केले तेव्हा त्यांची मुख्य कल्पना हीच होती. एखाद्या पानाकडे किती आणि कोणती पाने बोट दाखवतात, त्यावरून त्याचे महत्त्व ठरवायचे. शोधनिबंधाचे वजन इतरांनी त्याचा किती उल्लेख केला यावरून मोजतात, तसेच हे. कल्पना उत्तम होती. पण दुव्यांना किंमत आहे म्हटल्यावर दुव्यांचा बाजार भरला. लोक दुवे विकत घेऊ लागले आणि २०१२ मध्ये गूगलला अशा बनावट दुव्यांविरुद्ध गणितात खास बदल करावा लागला. त्याआधी पानाच्या पोटात दडवलेल्या 'कीवर्ड'च्या याद्यांचेही असेच झाले होते. लोकांनी त्यात वाटेल ते भरले, आणि क्रमवारीसाठी आपण त्या याद्या पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. कोणतीही खूण मोजायला लागा, ती बनवणारे हजर होतात.

काही ॲड-ऑन्स संकेतस्थळाला १ ते १०० पैकी एक 'अधिकार' गुणही देतात. पाहणाऱ्याला वाटते, हा गूगलने दिलेला विश्वासाचा शेरा. तसे नाही. 'डोमेन ऑथॉरिटी' हा आकडा मोझ या खासगी कंपनीने दुव्यांवरून काढलेला अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही. आणि त्यातला 'अधिकार' म्हणजे वैद्यकीय अधिकार तर मुळीच नव्हे.

दोन पानांची परीक्षा

हे नुसते सांगून पटणार नाही म्हणून एक साधा प्रयोग केला. माझ्याच संगणकावर, इंटरनेटवर न टाकता, दोन पाने तयार केली.

पहिल्या पानावर फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवावी, दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालावा, हातपाय घट्ट धरावेत, असा सगळा चुकीचा सल्ला लिहिला. मात्र मांडणी नीटनेटकी केली. प्रश्नाच्या रूपात शीर्षक, सुटसुटीत वर्णन, क्रमाने उपमथळे, चित्राला पर्यायी मजकूर. ॲड-ऑनने सगळीकडे हिरव्या खुणा दिल्या. क्रोम ब्राउझरमध्ये गूगलचेच 'लाइटहाउस' नावाचे तपासणीचे साधन असते. त्याच्या एसईओच्या रकान्यात या पानाला १०० पैकी १०० गुण पडले.

दुसऱ्या पानावर रुग्णालयात वाटले जाणारे एक चांगले मराठी पत्रक स्कॅन करून चित्र म्हणून टाकले. त्यातला सल्ला तंतोतंत बरोबर होता. माणसाला दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि जमेल तसे कुशीवर वळवा. घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, शुद्ध येण्याआधी पुन्हा झटका आला, पहिल्यांदाच आला, इजा झाली किंवा ती बाई गरोदर असेल, तर १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नका आणि माणसाला एकटे सोडू नका. ॲड-ऑनच्या लेखी या पानात शीर्षक नव्हते, मथळे नव्हते आणि शब्द शून्य होते. लाल, लाल आणि लाल.

या दोन पानांत कोणते वर येईल, याचा निकाल एवढ्यावर लागत नाही. गूगलच्या गणितात शेकडो गोष्टी येतात आणि आरोग्याच्या पानांना तिथे अधिक कडक कसोटी लावली जाते. निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलने जी मार्गदर्शिका केली आहे, तिच्यात आरोग्य आणि पैसा हे विषय 'तुमचा पैसा किंवा तुमचा जीव' या नावाच्या वेगळ्या वर्गात टाकले आहेत. तिथे लेखकाचे ज्ञान, अनुभव, अधिकार आणि विश्वासार्हता पाहावी असे सांगितले आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये गणितात मोठा बदल झाला तेव्हा आरोग्यविषयक संकेतस्थळांची इतकी उलथापालथ झाली, की या व्यवसायातल्या लोकांनी त्याचे नावच 'मेडिक अपडेट' ठेवले. म्हणजे गूगल काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण कडक कसोटी लावायला आधी निवडायला पाने हवीत. इंग्रजीत फिटविषयी मोठ्या रुग्णालयांची, विद्यापीठांची, सरकारी यंत्रणांची ढीगभर पाने आहेत. त्यातून वाईट पान मागे ढकलणे सोपे. मराठीत चांगले पत्रक स्कॅन होऊन पीडीएफमध्ये पडलेले, आणि नीटनेटके पान मात्र कुणा बाबाचे किंवा औषध विकणाऱ्याचे, अशी स्थिती असेल तर गणिताने करायचे काय? लोक विचारतात पण धड उत्तरच उपलब्ध नाही, अशा जागेला मायक्रोसॉफ्टमधील मायकेल गोलेबिएव्स्की यांनी २०१८ मध्ये 'डेटा व्हॉइड' असे नाव दिले. माहितीची पोकळी. पोकळी रिकामी राहत नाही, आणि तिथे जो आधी पोहोचतो तो खरे सांगणाराच असेल याची खात्री नसते.

स्कॅन ही एकच अडचण नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टमध्ये टंकला जाई. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असते, पण आत साठलेली अक्षरे रोमन असतात. अशा जुन्या फॉन्टमधले आरोग्यविषयक साहित्य माणूस वाचू शकतो. सर्च इंजिनला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते. वर्षानुवर्षांचे चांगले काम असे डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

'स्त्री' म्हणजे सहा अक्षरे

ॲड-ऑन मराठी पानावर लावले की आणखी एक गंमत कळते. ही साधने इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घडवलेली आहेत. आपल्या लेखी 'स्त्री' हे एक अक्षर. संगणक त्याचे सहा तुकडे मोजतो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. 'अपस्मार' ही आपली चार अक्षरे, त्याची सात. त्यामुळे शीर्षक साठ अक्षरांच्या आत ठेवा, असा सल्ला ॲड-ऑन देते तेव्हा मराठी शीर्षक डोळ्याला आखूड दिसत असूनही लांब ठरते आणि लाल खूण येते. खरे तर साठ अक्षरांची मर्यादा गूगलने घातलेलीच नाही. निकालांच्या पानावर शीर्षकाला जेवढी रुंदी मिळते, त्यावरून इंग्रजीसाठी काढलेला तो ठोकताळा आहे. त्या लाल खुणेला घाबरून मराठी वाक्य मोडण्याची गरज नाही.

पानाच्या पत्त्याचेही तसेच. पत्त्यात देवनागरी शब्द ठेवला आणि तो कॉपी करून पाठवला, तर अनेकदा प्रत्येक तुकड्याची नऊ रोमन चिन्हे होतात. 'अपस्मार' एवढ्या शब्दाची त्रेसष्ट. व्हॉट्सॲपवर असा दुवा आला की तो फसवणुकीचा वाटतो आणि लोक उघडत नाहीत. कित्येक मराठी पानांच्या पोटात भाषा म्हणून 'इंग्रजी' अशीच नोंद राहिलेली असते, कारण साचा परदेशी. गूगल ती नोंद न पाहता मजकुरावरून भाषा ओळखते. पण दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर त्या नोंदीवर विसंबून मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जाऊ शकतो. म्हणजे ॲड-ऑन जिथे उगीच ओरडते तिथे दुर्लक्ष करावे, आणि जिथे ते साधी माहिती दाखवते तिथे मात्र लक्ष द्यावे.

अपस्मार म्हणावे की फिट?

मला सर्वांत उपयोगी वाटला तो ॲड-ऑनचा शब्दशोधाचा भाग. लोक कोणते शब्द टाइप करतात याचा अंदाज तो देतो. इथे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली दरी उघडी पडते. डॉक्टर लिहितात 'अपस्मार'. पाठ्यपुस्तकातही अपस्मार. लोक म्हणतात फिट, फेफरे, मिरगी, झटके. लहान मुलाला तापात येते ती आकडी. एकाच आजाराची पाच नावे, आणि तज्ज्ञाचे पान त्यातल्या सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या नावावर उभे. त्यात 'फिट' एवढाच शब्द टाकला तर व्यायामाची पाने यायची. कुणी देवनागरीत लिहिते, कुणी रोमन लिपीत मराठी लिहिते, तर कुणी माइक दाबून बोलते. लिपी एक असल्यामुळे मराठी प्रश्नाला अनेकदा हिंदी पाने उत्तर देऊ लागतात.

या भागात मराठी प्रश्नांपुढे बहुतेक वेळा शून्य किंवा रिकामी जागा दिसते. यावरून मराठीत कुणी शोधतच नाही, असा निष्कर्ष काढणारे चुकतात. हे आकडे अंदाजी असतात, लहान संख्या त्यात गळतात, आणि एकच प्रश्न वीस प्रकारे विचारला गेला की प्रत्येक प्रकार लहानच दिसतो. पण बाजार या शून्याकडे बघून ठरवतो की मराठीत लिहिण्यात फायदा नाही. बाजाराने तसे ठरवले तर समजू शकते. सार्वजनिक आरोग्याने त्याच शून्यावर विसंबून कसे चालेल?

कारण इथे पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. उपचार म्हणजे बहुतेकांसाठी रोज, न चुकता घ्यायची गोळी. 'फिट मुळापासून बरी करा, गोळ्यांपासून मुक्ती मिळवा' असे सांगणाऱ्या पानावर विश्वास ठेवून कुणी ती गोळी एकाएकी बंद केली, तर न थांबणारे झटके सुरू होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. ज्या आजारांवर बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत अपस्मार आणि फिट दोन्ही आहेत. पण जाहिरात जेव्हा लेखाचा वेश घेऊन येते, वर प्रश्न, मध्ये उपमथळे आणि तळाशी 'मागवा'चे बटण, तेव्हा वाचकाला ती जाहिरात वाटतच नाही. ॲड-ऑनला तर नाहीच नाही.

बरोबर पानाचेही चुकीचे उत्तर

माहिती बरोबर लिहिली, की काम संपले असेही नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत उघडकीला आलेले उदाहरण फिटचेच आहे. झटका आल्यावर काय करावे, या प्रश्नाला गूगलने निकालांच्या वर चौकटीत जे थेट उत्तर दाखवले, त्यात माणसाला धरून ठेवणे, तोंडात काहीतरी घालणे असे सल्ले होते. ते यूटा विद्यापीठाच्या आरोग्यसेवेच्या पानावरून उचललेले होते. मूळ पान बिनचूक होते. त्यात 'हे करू नका' या मथळ्याखाली ती यादी होती. यंत्राने यादी उचलली आणि मथळा मागेच राहिला.

मराठीत आरोग्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने यातून एक धडा घ्यावा. नकार मथळ्यावर सोडू नये, प्रत्येक वाक्यात ठेवावा. 'काय करू नये' असे वर लिहून खाली 'तोंडात चमचा घालणे' असे लिहिण्यापेक्षा 'तोंडात चमचा घालू नका' असे पूर्ण वाक्य लिहावे. २०२४ पासून भारतातही गूगल निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला सारांश दाखवू लागले आहे. म्हणजे वाचक मूळ पानापर्यंत पोहोचेलच असे नाही. तुमचे वाक्य संदर्भाविना एकटे उचलले जाणार आहे, असे धरूनच लिहायला हवे.

ॲड-ऑन जोडण्याआधी

हे वाचून कुणाला ॲड-ऑन जोडून पाहावेसे वाटेल, म्हणून एक इशारा. अशी साधने जोडताना ब्राउझर परवानगी मागतो: तुम्ही भेट देत असलेल्या सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे. समोरचे पान तपासायचे तर ते वाचावे लागणार, हे खरे. पण तीच परवानगी तुमचे बँकेचे पान आणि रक्ततपासणीचा अहवालही वाचू शकते. २०१९ मध्ये सॅम जडाली या सुरक्षा-संशोधकाने आठ ॲड-ऑन्स शोधून काढली, जी सुमारे ४० लाख लोकांचा ब्राउझिंगचा तपशील गोळा करत होती. तो तपशील पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवू पाहणाऱ्यांना पैसे घेऊन दाखवला जात होता, आणि त्यात रुग्णांची नावेही होती. कुणी कोणता आजार शोधला, ही त्या माणसाची आरोग्यविषयक नोंदच असते. ज्या आजाराचे नाव लग्न जुळवताना लपवले जाते, त्याबद्दल तर अधिक काळजी हवी. म्हणून ॲड-ऑन वेगळ्या ब्राउझरमध्ये किंवा वेगळ्या प्रोफाइलमध्ये जोडावे, 'टिचकी मारल्यावरच चालू' असा पर्याय निवडावा आणि काम झाले की काढून टाकावे.

कुणी काय करावे?

एसईओ म्हणजे जाहिरातबाजी, ते आपले काम नव्हे, असे अनेक डॉक्टर मानतात. त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे. डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करू नये, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतही सांगितले आहे. पण पत्रकाला नीट शीर्षक देणे ही जाहिरात नव्हे. बाह्यरुग्ण विभागाबाहेर पाटी लावतो ना आपण? लांबून वाचता येईल अशी, लोकांच्या भाषेत? तेवढेच इथे करायचे आहे.

सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालये आणि डॉक्टरांच्या संघटना यांनी ठरवले, तर यासाठी फार पैसा लागणार नाही. आजवरची चांगली पत्रके युनिकोडमध्ये टंकून मजकूर म्हणून टाकावीत. शीर्षक लोकांच्या प्रश्नाचे असावे: 'फिट आल्यावर काय करावे, काय करू नये'. पहिल्याच परिच्छेदात अपस्मार, फिट, फेफरे, मिरगी, आकडी ही सगळी नावे यावीत. लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव, पद आणि शेवटचा बदल केल्याची तारीख पानावर असावी. एवढे झाले की निम्म्याहून अधिक लाल खुणा आपोआप हिरव्या होतील, आणि त्या हिरव्या खुणांच्या मागे यावेळी खरी माहिती असेल. आरोग्यशिक्षणाच्या कामात पत्रक छापण्याचा खर्च धरला जातो. ते सापडेल असे करण्याचे कामही त्यातच धरायला हवे.

वाचकांसाठी मात्र ॲड-ऑनची गरज नाही. इंटरनेटवरच्या आरोग्यमाहितीचा प्रश्न नवा नाही. १९९७ मध्ये इटलीतील संशोधकांनी लहान मुलांच्या तापावर घरी काय करावे हे सांगणारी ४१ पाने तपासून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले होते. मुख्य वैद्यकीय शिफारशींशी नीट जुळणारी पाने फक्त चार निघाली. त्याच वर्षी 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने अशा पानांसाठी चार साधे प्रश्न सुचवले, ते आजही तितकेच उपयोगी आहेत. लिहिले कुणी? माहिती कुठून घेतली? या पानामागे पैसा कुणाचा आहे? आणि ते कधी लिहिले?

शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो. अपस्मार असेल तर लग्न कायद्याने अडचणीत येते, असे अजूनही कुठे कुठे वाचायला आणि ऐकायला मिळते. १९९९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून अपस्माराची ती अट काढून टाकली गेली. पंचवीस वर्षे उलटली, तरी जुनी माहिती तारखेविना फिरते आहे आणि मुलामुलींची लग्ने त्यावरून मोडत आहेत.

या चारपैकी दोन प्रश्नांची उत्तरे पानावर सापडली नाहीत, तर ते पान पहिले आले असले तरी बंद करावे आणि गोळीत बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि फिट येत असताना तर शोधत बसूच नये. वर दिलेल्या पत्रकातल्या सूचना आजच कागदावर उतरवून घरात दिसेल अशा जागी लावाव्यात. कांदा भाजीत घालावा.